आकार आणि आज्ञा : संरचित माहितीची निर्मिती आणि प्रोग्रामिंगच्या भाषा

संगणकाचे काम म्हणजे आकडेमोड, ही लोकांत रूढ असलेली समजूत बँकांतून, कचेऱ्यांतून, आरक्षण-केंद्रांतून आणि आता प्रत्येकाच्या खिशातून अहोरात्र चालणाऱ्या प्रोग्रामांकडे जवळून पाहिले असता फारशी टिकत नाही. कारण या प्रोग्रामांचे बरेचसे आयुष्य एका ठिकाणची माहिती उचलून, ती ठराविक नमुन्यात बसवून, दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामाच्या हवाली करण्यात खर्ची पडते. हा नमुना कधी स्वल्पविरामांनी तोडलेल्या रकान्यांचा असतो, कधी एक्सएमएलच्या एकात एक बसविलेल्या खुणांचा, तर कधी जेसनच्या महिरपी कंसांचा. बाह्य रूप कोणतेही असो, आतला सांगाडा काटेकोर असतो, आणि त्यात एका अवतरणचिन्हाचीही गफलत झाली तर पलीकडचा वाचक, जो यंत्र असल्यामुळे समजून घेण्याची मुभा देत नाही, सबंध कागद परत पाठवितो.

हे काम सुकर आणि शक्य तर देखणे व्हावे म्हणून प्रोग्रामिंगच्या भाषांनी गेल्या पासष्ट वर्षांत काय काय योजले, त्यातले काय टिकले आणि काय लयास गेले, याचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे. त्यासाठी एक कसोटी आरंभीच सांगून ठेवतो. ठरलेला सांगाडा लिहून काढणे कोणत्याच भाषेत अवघड नसते. अवघड असते ते त्या सांगाड्याच्या ऐन मध्यभागी ‘असेल तरच’ आणि ‘जितके असतील तितके’ हे दोन हुकूम अशा रीतीने लिहिणे, की कोड वाचणाऱ्याच्या दृष्टीसमोरचा आकार मोडणार नाही. या प्रसंगी भाषा कशी वागते त्यावरून तिची या कामातली पात्रता ठरवावी, असे माझे मत आहे; वेग, लोकप्रियता आणि भाषेमागे उभ्या असलेल्या कंपनीचे वजन या गोष्टी येथे गौण होत.

उदाहरणादाखल महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या नित्य परिचयाचा सातबारा घेऊ. गाव नमुना सात हा अधिकार-अभिलेखाचा आणि गाव नमुना बारा हा पिकांच्या नोंदीचा. दोन्ही मिळून होणाऱ्या उताऱ्यावर एका गटाखाली अनेक खातेदार असू शकतात, प्रत्येकाचे क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर यांत मांडलेले असते, कोणाच्या नावावर बोजा असतो आणि कोणाच्या नसतो, पिके तर हंगामागणिक निराळी. म्हणजे खातेदार जितके असतील तितके, बोजा असेल तरच. आपल्या कसोटीचे दोन्ही हुकूम या एका कागदावर सापडतात.

या उताऱ्याचे जेसन तयार करण्याची सर्वांत जुनी, आणि दुर्दैवाने आजही पुष्कळ ठिकाणी चालू असलेली रीत म्हणजे अक्षरांचे तुकडे एकापुढे एक जोडत जाणे. कंस उघडणारे अक्षर लिहा, नाव लिहा, विसर्गासारखी दोन टिंबे लिहा, मूल्य लिहा, आणि प्रत्येक खातेदारानंतर स्वल्पविराम द्या; परंतु शेवटच्या खातेदारानंतर तो देऊ नका, कारण जेसनच्या व्याकरणाला तो मान्य नाही, आणि म्हणून प्रत्येक फेरीत ‘हा शेवटचा काय?’ अशी पृच्छा करीत बसा. एखाद्या शेऱ्यात दुहेरी अवतरणचिन्ह आले की मजकूर तेथेच संपला असे पलीकडचे यंत्र समजते आणि उरलेली अक्षरे सांगाड्याचा भाग म्हणून वाचू लागते. डेटाबेसला द्यावयाचे हुकूम याच रीतीने जोडले गेले तेव्हा परक्याने पाठविलेला मजकूर हुकूम होऊन बसला, आणि इंजेक्शन या नावाने कुप्रसिद्ध झालेली चोरवाट तयार झाली. या रीतीचा मूळ दोष असा की तीत आकार कोठेच अस्तित्वात नसतो. असतात ती फक्त अक्षरे, आणि त्यांतून आकार सिद्ध होईल अशी प्रोग्रामरची श्रद्धा.

सीएसव्हीची कहाणी याहून जुनी आणि याहून केविलवाणी. कित्येक दशके वापरात राहिल्यानंतर २००५ साली त्या पद्धतीचे एक टिपण इंटरनेटच्या मानकांच्या दप्तरी दाखल झाले खरे, पण रकान्यातला मजकूर संख्या आहे, तारीख आहे की नाव आहे, हे सांगण्याची सोय त्यात नाहीच. परिणामी ५/२ असा हिस्सा क्रमांक स्प्रेडशीटमध्ये उघडताच त्याची फेब्रुवारीतली किंवा मे महिन्यातली तारीख होते. हा उपद्रव इतका सार्वत्रिक आहे की मानवी जनुकांची नावे ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने, मार्च आणि सप्टेंबर या महिन्यांशी साधर्म्य असल्यामुळे एक्सेलमध्ये तारखा होऊन बसणारी काही जनुकांची नावे बदलल्याचे २०२० साली जाहीर केले. यंत्र बदलेना, तेव्हा शास्त्राने माघार घेतली.

आता भाषांकडे वळू. जॉन मॅकार्थी यांनी एमआयटीमध्ये १९५८ साली आरंभिलेली आणि १९६० च्या निबंधाने प्रसिद्धीस आलेली लिस्प ही भाषा या प्रश्नाच्या इतिहासात केवळ पहिली म्हणून नव्हे, तर बहुतांशी शेवटची म्हणूनही लक्षात घ्यावी लागते. तीत प्रोग्राम स्वतःच कंसांत कंस असलेली एक यादी असतो, आणि ज्यावर तो काम करतो ती माहितीही तशीच यादी असते. सबब आकार आणि आज्ञा यांच्यात कुंपणच उरत नाही. पुढे तर्कशास्त्रज्ञ क्वाइन यांनी १९४० मध्ये मांडलेल्या अर्ध-अवतरणाच्या कल्पनेशी नाते सांगणारी एक खूण लिस्पमध्ये रुळली. यादीच्या आरंभी उलटे अवतरणचिन्ह ठेवले की पुढचा सगळा सांगाडा जसाच्या तसा घेतला जातो. त्यात जेथे स्वल्पविराम येईल तेथे मात्र त्यापुढचे पद सोडवून आलेले मूल्य बसते. आणि स्वल्पविरामाला ‘ॲट’चे चिन्ह जोडले तर एका मूल्याऐवजी अख्खी यादी त्या जागी पसरून बसते, आणि ती यादी रिकामी असली तर त्या जागी काहीच राहत नाही. खातेदारांची यादी पसरली, बोज्याची रिकामी यादी विरून गेली, आणि भोवतालचा सांगाडा कागदावर दिसावा तसा कोडमध्ये दिसत राहिला. आमच्या दोन्ही हुकुमांची तजवीज इतक्या थोड्या चिन्हांत त्यानंतर क्वचितच कोणी केली असेल. मग जगाने लिस्प का स्वीकारली नाही? कंसांचा कंटाळा हे कारण नेहमी पुढे केले जाते. मला अधिक खरे वाटणारे कारण असे की लिस्पमध्ये सातबारा, किराणा मालाची यादी आणि प्रोग्राम हे सारे एकाच तोंडवळ्याचे दिसतात, आणि खातेदाराच्या जागी पीक बसविले तर प्रोग्राम चालविण्यापूर्वी हटकणारे कोणी नसते.

त्याच सुमारास आकारास आलेल्या कोबोलने नेमकी उलट वाट धरली. माहितीचे वर्णन एका विभागात, आज्ञा दुसऱ्या विभागात, आणि वर्णनात प्रत्येक रकान्याची लांबी अक्षरागणिक ठरलेली. कारकुनी शिस्तीचा हा नमुना पुढे टाइपांवरून माहिती लिहिणाऱ्या भाषांचा पूर्वज ठरला. त्या शाखेकडे पुढे येऊ.

एक्सएमएलला फेब्रुवारी १९९८ मध्ये मानकाचा दर्जा मिळाला, आणि त्यापाठोपाठ ते तयार करण्याची सर्व भाषांना समान अशी डॉम नावाची रीतही ठरली. समानतेच्या हव्यासात रीत अशी झाली की प्रत्येक घटक आधी सुटा निर्माण करावा, त्याला नाव द्यावे, मग त्यात मजकूर घालावा, मग तो वरच्या घटकाला जोडावा. कोडच्या साऱ्या ओळी एका पातळीवर, माहितीचा आकार मात्र पाच पातळ्या खोल, आणि त्या दोहोंतला संबंध वाचकाने मनातल्या मनात जुळवायचा! या जाचाला कंटाळून काही भाषांनी एक्सएमएलला थेट आपल्या व्याकरणातच जागा दिली. जावास्क्रिप्टच्या ई-फोर-एक्स या विस्ताराला २००४ साली मानकाचा दर्जा मिळाला, स्कालात तशी सोय होती, आणि व्हिज्युअल बेसिकच्या २००८ च्या आवृत्तीत कोनी खुणा लिहून मधूनच भाषेतली पदे घालण्याची व्यवस्था खरोखरच सुबक होती. यांपैकी पहिली फायरफॉक्समधून २०१३ मध्ये काढून टाकण्यात आली, स्कालाने २०१४ मध्ये आपले एक्सएमएल मुख्य लायब्ररीतून वेगळे केले, आणि व्हिज्युअल बेसिकमध्ये भाषा म्हणून यापुढे भर घालणार नसल्याचे मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये सांगून टाकले. माहितीचे एखादे बाह्य रूप भाषेच्या व्याकरणात कोरून ठेवले की त्या रूपाची चलती संपताच व्याकरणातला तेवढा भाग ओझे होऊन राहतो, हे या तिघांच्या वाट्याला आले.

जेएसएक्स तेवढे तगले. फेसबुकमध्ये पीएचपीसाठी २०१० साली पुढे आलेल्या एक्सएचपीचा वारसा घेऊन रिॲक्टबरोबर २०१३ मध्ये आलेले हे लेखन दिसते एक्सएमएलसारखे, पण वस्तुतः त्यातली प्रत्येक खूण म्हणजे एका साध्या फंक्शनला मारलेली हाक असते, आणि त्या हाकेतून काय निपजावे याबद्दल व्याकरणाचा आग्रह नसतो. मात्र आमच्या कसोटीवर ते पुरते उतरत नाही. ‘असेल तरच’ लिहिण्यासाठी तेथे ‘आणि’ या तार्किक चिन्हाचा आधार घेण्याची वहिवाट पडली आहे. बोज्यांची संख्या शून्य असली की बोज्याचा रकाना गळतो खरा, पण त्याच्या जागी पडद्यावर एक अनाहूत शून्य उमटते. रिॲक्ट शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची या शून्याशी केव्हा ना केव्हा गाठ पडते.

याच कालखंडातले एक शांत आणि माझ्या मते पुरेसे न गौरविले गेलेले काम म्हणजे सी-शार्पबरोबर २००७ मध्ये आलेली लिंक-टू-एक्सएमएल ही लायब्ररी. तिने व्याकरणाला हात लावला नाही. घटक निर्माण करणाऱ्या फंक्शनला त्याचे सारे पोटघटक एकदमच द्यावेत, दिलेल्यांपैकी एखादी यादी असेल तर ती पसरून घ्यावी, आणि एखादा ‘नल’ म्हणजे अभावदर्शक असेल तर तो निमूटपणे वगळावा, एवढाच करार तिने केला. लिस्पचे पसरणे येथे एका लायब्ररीच्या शिष्टाचारातून परत आले, आणि कोडचा समास माहितीच्या आकाराप्रमाणे आत-बाहेर होऊ लागला.

दुसरी धारा बिल्डर या नावाने ओळखली जाते. रुबी आणि ग्रूव्ही या भाषांत न घोषित केलेल्या नावाने हाक मारली तरी ती हाक मध्येच पकडण्याची सोय असल्यामुळे ‘खातेदार’ असे नुसते लिहून पुढे कंसात त्याचा तपशील दिला की त्या नावाचा घटक तयार होई. वाचायला हे फारच गोड. पण ‘खातेदार’ऐवजी चुकून ‘खतेदार’ लिहिले तर त्या नावाचाही घटक तितक्याच आज्ञाधारकपणे तयार होई आणि चूक दुसऱ्या कचेरीत जाऊन उघडकीस येई. कोटलिनने ही गोडी राखून शिस्त आणली. तेथे एखाद्या फंक्शनला दिलेला कोडचा ठोकळा कोणत्या वस्तूच्या अंमलाखाली चालेल हे टाइपाने आधीच बांधलेले असते, म्हणून गटाच्या ठोकळ्यात खातेदार चालतो आणि चुकलेले नाव कंपायलर जागीच अडवितो. शिवाय ठोकळ्यातला ‘जर’ आणि फेरी या भाषेच्या नेहमीच्याच असल्याने दोन्ही हुकुमांसाठी नवे काही शिकावे लागत नाही. एक खोच राहिली होती : खातेदाराच्या ठोकळ्यात असताना बाहेरच्या गटाचा अंमलही चालूच असल्याने खातेदाराच्या पोटात चुकून दुसरा खातेदार मांडला गेला तरी तक्रार होत नसे. २०१७ च्या १.१ आवृत्तीत डीएसएल-मार्कर ही खूण आणून तीही बुजविण्यात आली. स्विफ्टचे रिझल्ट बिल्डर, जे २०१९ मध्ये स्विफ्ट-यूआयबरोबर अनधिकृतपणे प्रकटले आणि २०२१ च्या ५.४ आवृत्तीत अधिकृत झाले, ते याहून पुढे जाऊन ठोकळ्यातल्या सुट्या पदांची स्वतःच मोट बांधतात. मात्र त्यासाठी कंपायलरला टाइपांचे जे अनुमान करावे लागते ते इतके गुंतागुंतीचे होते की एखाद्या क्षुल्लक चुकीपायी ‘हे पद वाजवी वेळात तपासता येत नाही’ असा हताश शेरा मारून तो मोकळा होतो. सौंदर्याची किंमत कोणीतरी मोजतोच; येथे ती चूक शोधणारा मोजतो.

सर्वांत सरळ उत्तर मात्र ज्या भाषेकडून फारशी अपेक्षा नव्हती तिने दिले. डार्टच्या मे २०१९ मधल्या २.३ आवृत्तीत यादी लिहिण्याच्या चौकोनी कंसातच ‘जर’, फेरी आणि पसरण्याची तीन टिंबे लिहिण्याची परवानगी मिळाली. ना नवी वस्तू, ना अदृश्य अंमल. यादी लिहिताना मधल्या ओळीवर ‘जर बोजा असेल’ असे लिहावे आणि पुढे तो घटक. अट पुरी न झाल्यास ती ओळ जणू लिहिलीच नव्हती. जावास्क्रिप्टमध्ये हेच साधण्यासाठी अट तपासून एकतर भरलेली नाहीतर रिकामी वस्तू तीन टिंबांनी पसरण्याची कसरत चालते, जी चालते हे खरे, पण दर वेळी वाचकाला तिचा अर्थ नव्याने उलगडावा लागतो. पायथनने २००० सालच्या २.० आवृत्तीत आणलेली यादी-रचना ‘जितके असतील तितके’ या हुकुमासाठी आदर्श आहे, कारण ती गणितातल्या संचाच्या लेखनासारखीच वाचता येते. एकाच नोंदीतला एखादा रकाना वगळायचा झाला की मात्र पायथनचा प्रोग्रामर सांगाडा अर्धवट सोडून खाली स्वतंत्र ‘जर’ लिहू लागतो. इतक्या प्रौढ भाषेत ही उणीव राहावी याचे मला नवल वाटते.

आता ती कोबोलची शाखा. हॅस्केलच्या पहिल्या अहवालापासून टाइपाची व्याख्या लिहून ‘याचे लेखन तूच कर’ एवढे कंपायलरला सांगण्याची प्रथा होती. रस्टने २०१७ च्या आरंभी तशी मुभा लायब्ऱ्यांना दिली आणि सर्डे ही लायब्ररी त्या भाषेचा जवळजवळ अधिकृत दप्तरखाना होऊन बसली. पायथनने २०१८ मध्ये डेटाक्लास आणि जावाने २०२१ मध्ये रेकॉर्ड आणले. येथे सांगाडा टाइपाच्या व्याख्येत एकदाच लिहिला जातो आणि अवतरणचिन्हे, स्वल्पविराम, कंस यांची जबाबदारी यंत्राकडे जाते. प्रोग्रामर फक्त मूल्ये भरतो. या वाटेने गेल्यास आमचा ‘असेल तरच’ एक सूक्ष्म रूप धारण करतो. बोजा नाही, बोजा आहे की नाही हे तपासलेले नाही, आणि बोज्याचा रकाना आहे पण कोरा आहे, या तीन भिन्न वस्तुस्थिती आहेत, आणि महसुली कामात त्यांची सरमिसळ कोणी खपवून घेणार नाही. जावास्क्रिप्टमधला जेसन लिहिणारा यांत्रिक लेखक मात्र वस्तूतला अपरिभाषित रकाना गाळून टाकतो आणि यादीतल्या तशाच जागी ‘नल’ लिहितो. गो भाषेत ‘रिकामे असल्यास वगळ’ अशी खूण रकान्याशेजारी लिहिता येते, पण तिच्या लेखी शून्यही रिकामेच, म्हणजे ज्या खातेदाराचे क्षेत्र खरोखर शून्य नोंदले आहे त्याचे क्षेत्रच उताऱ्यावरून नाहीसे होते. शून्य कोणते मानावे हे टाइपालाच ठरवू देणारी निराळी खूण २०२५ च्या १.२४ आवृत्तीत यावी लागली. रस्टमध्ये अभाव हा स्वतंत्र टाइप असल्याने निदान प्रश्न विचारला जातो. या शाखेचा दुसरा धोका असा की प्रोग्राममधल्या अंतर्गत रकान्याचे नाव सहज म्हणून बदलले की बाहेरच्या जगाशी केलेला करारही नकळत बदलतो. अलीकडे हेच टाइप एका नव्या कामी जुंपले गेले आहेत : भाषा-प्रतिमानाने उत्तर कोणत्या आकारात द्यावे हे त्यांच्यावरून ठरते, आणि प्रत्येक पावलाला त्या आकाराच्या व्याकरणात बसेल तेवढाच पुढचा तुकडा निवडू दिला जातो.

मूल्य आणि लेखन यांची अशी फारकत झाली की लेखकाच्या सवयीही तपासाव्या लागतात. जेसनचे देवाणघेवाणीतले लेखन यूटीएफ-८ मध्येच असावे असे २०१७ च्या मानकाने सांगितले असले, तरी पायथनची जेसन लायब्ररी स्वतःहून प्रत्येक देवनागरी अक्षरखूण सहा रोमन चिन्हांच्या संकेतात बदलते. ‘पुणे’ या चार खुणांच्या नावाची जागा यूटीएफ-८ मध्ये १२ बाइट, आणि या संकेतात २४. माहितीत चूक काही होत नाही, पण ती फाइल माणसाने उघडून वाचावी ही शक्यता संपते. एक पर्याय बदलला की हे टळते; मराठी माहितीवर काम करणाऱ्यांनी तो बदलावा.

एवढी प्रगती झाल्यावर अक्षरे जोडण्याची रीत अस्तंगत व्हावयास हवी होती. झाले उलटेच. अनेक यंत्रांवर प्रोग्राम चालविणाऱ्या कुबरनेटिस या प्रणालीच्या प्रसाराबरोबर यॅमलच्या फायलींचे ढीग तयार करण्याची गरज निर्माण झाली, आणि हेल्म या साधनाने त्यासाठी साध्या मजकुराच्या साच्यांचा मार्ग पत्करला. यॅमलमध्ये आकार ठरतो तो समासातल्या मोकळ्या जागांवरून. साच्याला त्यांची काहीच जाणीव नसते. तेव्हा घातलेला मजकूर किती घरे आत सरकवायचा हे प्रोग्रामर स्वतः मोजून आकड्यात लिहितो. ज्या यॅमलच्या जुन्या व्याकरणात नॉर्वेचा ‘एनओ’ हा देशसंकेत नकारार्थी समजला जातो, त्याची निर्मिती अशा आंधळ्या जोडणीवर सोपविणे म्हणजे साठ वर्षांचा अनुभव गुंडाळून ठेवणे होय. जेसनेट, डॉल, क्यू आणि २०२४ मध्ये ॲपलने खुली केलेली पिकल या रचनेच्या भाषा याच रोगावरचे उपाय म्हणून पुढे आल्या. त्यांत जेसनेटची एक तऱ्हा उल्लेखनीय आहे : रकान्याचे नावच अटीने काढावयाचे, आणि ते ‘नल’ निघाले तर रकाना नाही. डॉलने तर प्रत्येक प्रोग्राम संपलाच पाहिजे अशी हमी देण्यासाठी स्वतःची शक्ती जाणूनबुजून मर्यादित केली.

मजकुराच्या साच्यांना मुळातच सुधारण्याचा प्रयत्न हा या प्रश्नाचा अगदी ताजा अध्याय. जावास्क्रिप्टच्या २०१५ च्या मानकात मजकुरातला स्थिर भाग आणि मधली मूल्ये वेगवेगळी करून एका फंक्शनच्या हाती देणारे लेखन आले, जेणेकरून ते फंक्शन प्रत्येक मूल्य त्याच्या जागेला साजेल असे निर्धोक करून बसवू शकेल. पायथनने २०१६ मध्ये याची सोपी, परंतु सर्व काही लगेच एकत्र कालवून टाकणारी आवृत्ती दिली, आणि तिच्या सोयीमुळे इंजेक्शनच्या चोरवाटेला नवे गिऱ्हाईक मिळाले. जावाने २०२३ आणि २०२४ अशा लागोपाठ दोन आवृत्त्यांत परीक्षणासाठी ठेवलेली अशीच सोय, रचना समाधानकारक नाही म्हणून, पुढच्या आवृत्तीत चक्क मागे घेतली. भाषेच्या कारभाऱ्यांकडून असे धैर्य फारसे दिसत नाही, आणि तेथला प्रोग्रामर तूर्त तीन अवतरणचिन्हांच्या लांब मजकुरात मूल्ये हातानेच बसवितो. ऑक्टोबर २०२५ मधल्या पायथन ३.१४ ने मात्र साच्याला अक्षरांचा नव्हे तर स्वतंत्र वस्तूचा दर्जा दिला : तीत स्थिर भाग आणि मूल्ये शेवटपर्यंत अलग राहतात, एका साच्यात दुसरा साचा बसविता येतो, आणि त्यांतून एचटीएमएल निपजावे, डेटाबेसचा हुकूम की आणखी काही, हे ती वस्तू स्वीकारणारी लायब्ररी ठरविते. अशा साच्यात ‘नल’ आल्यास तो वगळावा की लिहावा, आणि यादी आल्यास ती पसरावी की नाही, याचा निर्णय भाषेने घेतलेला नाही. तो त्या त्या लायब्ररीच्या मर्जीवर सोडलेला आहे.